मेल परत आला नाही, म्हणजे पोचला

दुपारच्या सुस्त वेळी ऑफिसात एक फोन आला आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत शेवटी माझ्यापर्यंत पोचला. मेलचं काही असलं की तो माझ्याकडेच येतो. पलीकडे एक गृहस्थ होते. आवाज वयस्कर, बोलणं सावकाश आणि अदबीचं. आमच्याकडच्या एका जागेसाठी त्यांनी मुदतीच्या आत मेलनं अर्ज पाठवला होता. बरेच दिवस काही उत्तर नाही म्हणून त्यांनी भरतीचं काम बघणाऱ्यांना विचारलं, तर ‘तुमचा अर्ज आलेलाच नाही’ असं कळलं. ते भांडत नव्हते. त्यांना फक्त एक गोष्ट उमगत नव्हती आणि ती ते वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारत होते. “मॅडम, पत्ता चुकला असता तर मेल परत आला असता ना? माझा मेल काही परत आला नाही. म्हणजे पोचला असणार.”

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरनं ठेवलेल्या नोंदींत, शोधायला फारसा वेळ लागला नाही. त्यांच्या मेल सेवेच्या सर्व्हरनं आमच्या बाजूला जोडणी केली होती, मेल दिला होता, आणि आमच्या बाजूनं ‘२५० ओके’, म्हणजे ‘मेल घेतला’, असं उत्तर गेलं होतं. पुढची ओळ फिल्टरची होती. संशयाचे गुण ५.३, मर्यादा ५.०, कृती डिस्कार्ड, म्हणजे गुपचूप टाकून देणं. कुठल्या नियमानं किती गुण दिले तेही ओळीतच होतं. सब्जेक्ट सगळा कॅपिटल अक्षरांत. मजकूर जवळजवळ नाहीच, नुसती स्कॅन केलेली पानं जोडलेली. आणि ज्या सर्व्हरवरून तो निघाला, त्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, कुठल्याशा ब्लॉकलिस्टवर, म्हणजे संशयित पत्त्यांच्या यादीत. यातलं एकही कारण एकट्यानं पुरेसं नव्हतं, बेरीज मात्र मर्यादेच्या पलीकडे गेली. मेल स्वतः कुठेच शिल्लक नव्हता. जंकमध्ये नाही, अडवलेले मेल ठेवायच्या क्वारंटाइनमध्ये नाही, बॅकअपमध्ये नाही. भरती पूर्ण झालेली होती. मी त्यांना फोन करून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले, शोधून सांगितल्याबद्दल माझे आभार मानले आणि फोन ठेवला.

ते आभार मला फार जड गेले.

आमच्या मेलचं होस्टिंग तेव्हा बाहेर होतं आणि फिल्टर त्याच्याबरोबर आलेला होता. ‘डिस्कार्ड’ ही त्यांची ठरलेली पद्धत होती, आम्हाला ती बदलता येत नव्हती. आपला स्वतःचा मध्यवर्ती फिल्टर हवा ही चर्चा आमच्याकडे आधीपासून चालूच होती. जागा, खर्च, सांभाळणार कोण, अशा नेहमीच्या प्रश्नांत ती अडकली होती. त्या फोननंतर माझ्यापुरता प्रश्न बदलला. कुठला फिल्टर जास्त स्पॅम पकडतो हे मला आता दुय्यम वाटू लागलं. पकडायला नको होता असा मेल त्यानं पकडला, तर ते कोणाला कळणार? पाठवणाऱ्याला, ज्याच्यासाठी मेल आहे त्याला, निदान मला तरी? की कोणालाच नाही?

मेलच्या व्यवहारात २५० या उत्तराला मोठं वजन आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एसएमटीपीचा, म्हणजे मेलची देवाणघेवाण करायच्या नियमांचा, आराखडा आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात लिहिला. त्यात पुढे भर पडत गेली आणि २००८ पासून आपण आरएफसी ५३२१ वापरतो. मेल पूर्ण घेऊन झाल्यावर सर्व्हरनं २५० म्हटलं की तो पोचवण्याची जबाबदारी त्यानं उचलली, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पोचवता आला नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. मशीन बंद पडलं ही सबबसुद्धा चालत नाही. पुढे स्पॅमचा विचार करून असंही म्हटलंय, की मेल गुपचूप टाकून द्यायचा तर तो फसवणुकीचा किंवा अगदीच गैर असल्याची पक्की खात्री असेल तेव्हाच टाकावा. पाच पूर्णांक तीन दशांश ही पक्की खात्री नव्हे. त्या गृहस्थांना आरएफसी माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांचा विश्वास नेमका त्यात लिहिलेल्या वचनावर होता. मेल परत आला नाही, म्हणजे पोचला. चाळीसहून जास्त वर्षं जगभराचा पत्रव्यवहार या एका समजुतीवर चालत आलाय.

मी नोकरीला लागले तेव्हाच्या ऑफिसात मध्यवर्ती फिल्टर असा काही नव्हता. ज्याच्या त्याच्या मशीनवर मेल प्रोग्रॅमचा स्वतःचा जंक फोल्डर, आणि त्याला शिकवायचं ज्याचं त्यानं. सकाळी आल्याबरोबर पहिला वेळ सफाईत जायचा. सगळीकडून माउसची टिकटिक ऐकू यायची, मधूनच कोणाचा तरी वैतागलेला सुस्कारा. घड्याळं, औषधं, लॉटरी, कुठल्याशा परदेशी खात्यात अडकलेले पैसे. काहीजण न वाचता सलग डिलीट करत जायचे. काहीजण एकेक उघडून बघायचे, कारण न जाणो. त्यात खूप वेळ जायचा, चिडचिड व्हायची, आणि एखाद्यानं नको ते अटॅचमेंट उघडलं की आमचा पुढचा सगळा दिवस त्यात. तरी त्या जुन्या पद्धतीत एक गोष्ट होती जी मला नंतर जाणवली. चुकीचा मेल उडाला तर तो त्या माणसाच्या हातून उडायचा, आणि बहुतेक वेळा त्याच्याच ट्रॅशमध्ये पडून असायचा. चूक त्या टेबलापुरती राहायची. मध्यवर्ती फिल्टरमध्ये एकच निर्णय सगळ्यांना लागू होतो, आणि तो होताना कोणाचीच नजर त्यावर नसते.

म्हणून मध्यवर्ती फिल्टर नको असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. स्पॅमचा लोंढा किती मोठा असतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ११ नोव्हेंबर २००८ ला अमेरिकेतल्या मकोलो नावाच्या होस्टिंग कंपनीचं इंटरनेट तिच्या जोडणीदारांनी तोडलं. स्पॅम पाठवणाऱ्या बॉटनेटची, म्हणजे चोरून ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या जाळ्यांची, सूत्रं तिथल्या मशीन्सवरून हलवली जात होती. जगभरातला स्पॅम एका झटक्यात साधारण दोन तृतीयांशानं उतरला. आमच्या सर्व्हरवरचा येणाऱ्या मेलचा आलेख कड्यावरून खाली पडावा तसा पडला होता. आमची पहिली समजूत ही, की आपलाच सर्व्हर बंद पडला. केबल तपासल्या, सर्व्हिस पुन्हा चालू केली, बाहेरून मेल पाठवून बघितला. सगळं ठीक होतं. रोजच्या मेलमध्ये एवढा स्पॅम होता, हे कळल्यावर खोलीत सगळे गप्प झाले. काही महिन्यांत आलेख पुन्हा चढला, पण त्या दिवशी पाहिलेली ती ठेंगणी रेष मी विसरले नाही.

याची सुरुवात किती लहान होती! ३ मे १९७८ ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या जवळपास ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण पाठवलं. पत्ते इतके झाले की ते ठरलेल्या जागेत मावेनात, उरलेले मजकुरात सांडले. लोक रागावले, थर्क यांना समज दिली गेली. समज देता आली, कारण पाठवणारा कोण हे सगळ्यांना माहीत होतं. पोस्टेल यांचा आराखडा अशाच ओळखीच्या जगात लिहिला गेला. ‘मी अमुक’ असं पाठवणाऱ्यानं म्हटलं की ते खरं मानायचं. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी नंतरची भर आहेत. मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो तिथूनच आला का, हे त्या तपासतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या तेव्हा मला खूप बरं वाटलं. ओळख पटण्याचं निम्मं काम त्यानं होतं. उरलेलं निम्मं, म्हणजे ओळख पटलेला माणूस बोलतोय काय, ते फिल्टरला स्वतःच ठरवावं लागतं.

ते तो गुणांवर ठरवतो. ही पद्धत समजून घेताना मी तिच्या प्रेमात पडले होते, अजूनही आहे. थॉमस बेझ हे अठराव्या शतकातले एक इंग्रज धर्मोपदेशक. शक्यतांविषयीचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला, आणि आज कुठल्याही ऑफिसातल्या मेलचं भवितव्य त्यातल्या विचारावर ठरतं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी हा विचार स्पॅमला लावून दाखवला, आणि तो प्रोग्रॅमर मंडळींत वणव्यासारखा पसरला. त्यांनी स्वतःचे चांगले आणि वाईट मेल मशीनपुढे ठेवले आणि कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो ते मोजू दिलं. त्यात ‘एफएफ००००’ हा सांकेतिक मजकूर अश्लील शब्दांइतकाच भरवशाची खूण ठरला. वेबपानाच्या भाषेत तो भडक लाल रंग. माणसानं बसून नियम लिहिले असते तर हे कोणाला सुचलं नसतं. मशीनला सुचलं, कारण ग्रॅहम यांना येणारे चांगले मेल लाल अक्षरांत लिहिलेले नसायचे.

ग्रॅहम यांना येणारे. मध्यवर्ती फिल्टरची खरी मेख इथे आहे. एका माणसाच्या मेलवर शिकलेला फिल्टर त्या माणसाला ओळखतो. सगळ्या ऑफिसच्या मेलवर शिकलेला फिल्टर कोणालाच नीट ओळखत नाही. भरतीच्या टेबलाचं कामच अनोळखी माणसांकडून आलेली अटॅचमेंट उघडणं हे आहे. हिशेबाच्या टेबलाला रोज नवनव्या ठिकाणांहून बिलं येतात आणि प्रत्येकात ‘तातडीनं पैसे भरा’ हा सूर असतोच. खरेदीच्या टेबलाला जाहिराती हव्याच असतात, त्यातूनच ते दर काढतात. माझ्या टेबलावर मात्र यातलं काहीही आलं तर ते बहुधा स्पॅमच. आमची एक सहकारी स्वतःच नाव नोंदवून घेतलेली वार्तापत्रं कंटाळा आला की ‘स्पॅम’ म्हणून नोंदवते. तिच्या मशीनपुरतं हे ठीक होतं. सगळ्यांसाठी शिकणाऱ्या फिल्टरला मात्र तिचा कंटाळा हाही पुरावाच वाटतो, आणि तेच वार्तापत्र ज्यांना रोज लागतं त्यांच्याकडे ते येणं थांबतं. भाषेचंही तसंच. स्पॅमअसॅसिन या स्पॅम फिल्टरमध्ये आपल्याला कुठल्या लिप्यांत मेल येतात ते सांगायची सोय आहे. मुळात ती सगळ्यांना मोकळीक देते, पण एखाद्यानं तिथे फक्त इंग्रजी ठेवली, तर दुसऱ्या लिपीतल्या मेलला निव्वळ त्या लिपीपायी गुण चढतात. पत्र काय म्हणतंय हे बघण्याआधीच.

त्याच स्पॅमअसॅसिनच्या माहितीपुस्तिकेत मला एक परिच्छेद सापडला, आणि तो मी आमच्या बैठकीत वाचून दाखवला. ५.० ही मूळ मर्यादा बरीच कडक आहे आणि ती एकट्यादुकट्याच्या वापराला योग्य आहे. बऱ्याच लोकांसाठी बसवत असाल तर ८ किंवा १० ठेवा. स्पॅम ठरलेले मेल आपोआप पुसू नका, आणि पुसायचेच असले तर १५ च्या वर गुण गेलेलेच पुसा. ज्यांनी हे साधन बनवलं त्यांनीच हे लिहून ठेवलंय. आमच्या जुन्या सेवेत पाचाच्या मर्यादेवर मेल थेट टाकून दिले जात होते. साधन तेच असलं तरी ते वापरणाऱ्यानं एका ओळीत काय लिहिलं त्यावर सगळं अवलंबून असतं, हे मला बैठकीतल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं.

नियमसुद्धा म्हातारे होतात. स्पॅमअसॅसिनमध्ये एक नियम होता, तारीख फार पुढची असेल तर मेलला गुण द्यायचे. स्पॅमवाले मेल यादीत सगळ्यात वर दिसावा म्हणून भविष्यातली तारीख घालत. नियम लिहिणाऱ्यानं ‘फार पुढची’ म्हणजे २०१० पासून पुढची असं धरलं होतं. मग १ जानेवारी २०१० उजाडला, आणि त्या दिवशी लिहिलेला प्रत्येक मेल, नववर्षाच्या शुभेच्छांपासून कामाच्या पत्रापर्यंत, बऱ्याच ठिकाणी तीनाहून जास्त गुण घेऊनच जन्माला आला. दुरुस्ती आधीच लिहून झाली होती, पण ती चालू आवृत्तीपर्यंत पोचलेली नव्हती. ब्लॉकलिस्टचंही असंच. ओआरडीबी नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली. ज्यांनी आपल्या सेटिंगमधून तिचं नाव काढलं नाही त्यांचे सर्व्हर तिला विचारतच राहिले, आणि मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक आयपीला ‘यादीत आहे’ म्हणू लागली. त्या सर्व्हरांनी येईल तो मेल नाकारला. आजही स्पॅमहाउस या संस्थेची ब्लॉकलिस्ट सार्वजनिक डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरची नावं शोधून देणाऱ्या सगळ्यांना खुल्या सेवेतून, विचारली तर ती १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देते. त्याचा अर्थ ‘या वाटेनं विचारू नका’. पण आलेलं कुठलंही उत्तर म्हणजे ‘दोषी’ असं धरणारा फिल्टर त्यावरही मेल अडवतो. अशा याद्यांवर माझा राग नाही, त्या नसत्या तर मेल कधीच बुडाला असता. पण हजारो ग्राहकांचे मेल एकाच आयपीवरून जात असले की सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि त्या गृहस्थांचा अर्ज त्यातलाच एक.

विक्रेते आले, त्यांचे डेमो झाले. पडद्यावर हिरवे-लाल गोल आणि टक्केवारी. प्रत्येकजण पकडलेल्या स्पॅमचा आकडा आधी सांगायचा. मी चुकून पकडलेल्या मेलचा आकडा विचारला की ‘अगदी नगण्य, हजारात एखादा’ असं उत्तर यायचं. मग मी फळ्यावर साधा हिशेब मांडायचे. समजा एखाद्या ऑफिसला दिवसाला हजार खरे मेल येतात. हजारात एक म्हणजे रोज एक. रोज कोणीतरी एक माणूस, ज्याला वाटतंय की आपलं पत्र पोचलं. तो मेल कुठे असेल, किती दिवस असेल, कोणाला दिसेल, आणि पाठवणाऱ्याला काय कळेल, हे चार प्रश्न मी प्रत्येकाला विचारले. काहींनी नीट उत्तरं दिली. काहींना चौथा प्रश्न मुळात कशासाठी आहे हेच समजेना. पाठवणारा तर तुमचा ग्राहक नाही, असं त्यातल्या एकानं मला समजावलं. तो आमचा ग्राहक नाही हे खरं. तो आमच्या दारात उभा राहिलेला माणूस आहे. दारावरच्या वॉचमननं ‘आत सोडता येणार नाही’ म्हणणं मी समजू शकते. हसून पाकीट घेऊन, तो वळला की फाडून टाकणं मला मान्य नाही.

चाचणीच्या काळात क्वारंटाइन बघायचं काम माझ्याकडे आलं. ते मी कधी निवांतपणे करू शकले नाही. आत काय काय सापडतं! कोणाच्या तपासणीचा रिपोर्ट, कोणाच्या कर्जाचा नकार, कुठल्याशा विवाहसंस्थेचं पत्र, कोणी दुसरीकडे केलेल्या नोकरीच्या अर्जाची पोच. नुसते सब्जेक्ट, पण ज्यांच्याबरोबर मी रोज बोलते-बसते त्यांच्या आयुष्यातलं मला कळायला नको ते त्या एका ओळीत कळायचं. नंतर तीच व्यक्ती लिफ्टमध्ये भेटली की माझी नजर आपोआप खाली जायची. ऑफिसच्या पत्त्यावर खाजगी मेल घेऊ नयेत हे बरोबर आहे, पण माणसं घेतात, आणि म्हणून ती उघडी पडावीत असं थोडंच आहे? मी तेव्हाच अट घातली. प्रत्येकाचं क्वारंटाइन ज्याचं त्यालाच दिसेल, रोज सकाळी त्याची यादी त्याच्या इनबॉक्समध्ये जाईल, आणि मजकूर उघडायचा तर ज्याचा मेल त्याच्या विनंतीवरूनच. व्हायरस असेल तो मेल सोडायचा अधिकार तेवढा आमच्याकडे.

उलट बाजूही तितकीच खरी. हिशेबाच्या मॅडमना एकदा साहेबांच्या नावानं मेल आला. दोनच ओळी. ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका. टेबलावर आहात का?’ लिंक नाही, अटॅचमेंट नाही, शिवी नाही, लाल रंग नाही. भाषा साहेबांचीच वाटावी अशी. पत्ता मात्र कुठल्याशा फुकट सेवेवरचा, आणि मोबाइलवर पत्ता दिसतच नाही, फक्त नाव दिसतं. फिल्टरनं त्याला जेमतेम एक गुण दिला होता. मॅडम उठून साहेबांच्या केबिनपर्यंत चालत गेल्या म्हणून निभावलं. नंतर त्या मला म्हणाल्या, “तुझी ती अर्जवाल्या माणसाची गोष्ट मला पटते गं. पण माझ्याकडे असला मेल आत आला आणि माझं लक्ष नसलं, तर ते मी कुठून भरून काढू?” मला त्यावर ठोस उत्तर देता आलं नाही. बाहेरून येणाऱ्या आणि आतल्या माणसाचं नाव लावणाऱ्या मेलवर ठळक पट्टी दाखवायची, एवढं मात्र आम्ही लगेच ठरवलं.

फिल्टर आपल्याकडे ठेवायचा की बाहेरच्या सेवेत, यावर बराच काथ्याकूट झाला. बाहेरची सेवा म्हणजे डोमेनचा मेल कुठे द्यायचा हे सांगणारा एमएक्स रेकॉर्ड त्यांच्याकडे वळवायचा आणि सगळा मेल त्यांच्या हातून आपल्याकडे यायचा. यात सोय मोठी. पण आपला सर्व्हर फक्त त्यांच्याच आयपींकडून मेल घेईल असा बंदोबस्त केला नाही, तर स्पॅमवाले जुन्या पत्त्यावर थेट येतात. आणि मधल्या सर्व्हरमुळे आपल्याकडे एसपीएफची तपासणी फसते, कारण प्रत्येक मेल त्यांच्याच आयपीवरून आलेला दिसतो. सेवा विकल्याही जातात. पोस्टिनी ही अशीच फिल्टर सेवा २००७ मध्ये गूगलनं घेतली, आयर्नपोर्ट ही मेल सुरक्षेची कंपनी त्याच वर्षी सिस्कोनं. स्वतःकडे फिल्टरची पेटी ठेवण्यातही निर्धास्तपणा नाही. २०२३ मध्ये बाराकुडा कंपनीच्या मेल गेटवेत, म्हणजे येणारा मेल तपासणाऱ्या पेटीत, अटॅचमेंट तपासणाऱ्या भागातच एक भगदाड सापडलं. हल्लेखोर आधीपासून त्यातून आत येत होते, आणि ज्या पेट्यांत ते घुसले होते त्या दुरुस्त न करता बदलूनच टाका असं कंपनीला ग्राहकांना सांगावं लागलं. सगळ्यांची पाकिटं उघडून बघणारं यंत्र सगळ्यात आधी स्वतः धोक्यात असतं, हे मी त्या बातमीनंतर कायमचं लक्षात ठेवलं.

शेवटी आम्ही आपलाच गेटवे उभा करायचं ठरवलं, रस्पॅमडी नावाच्या फिल्टरवर. मला पटलेलं मुख्य कारण हे, की तो मेल चालू जोडणीतच तपासतो, २५० म्हणायच्या आधी. एरवीसाठी त्याच्या मूळ मर्यादा आम्ही तशाच ठेवल्या आहेत. चार गुणांवर ग्रेलिस्टिंग, म्हणजे ‘थोड्या वेळानं पुन्हा या’. नीट चालवलेला सर्व्हर पुन्हा येतो, घाईचा स्पॅमवाला सहसा येत नाही. सरसकट सगळ्या मेलना असं थांबवायचं नाही यावर मी ठाम होते, कारण ओटीपीचा मेल उशिरा आला की लोकांची कामं अडतात. सहाच्या वर मेल क्वारंटाइनमध्ये, तीस दिवस. पंधराच्या वर दारातच नकार, ५५० या उत्तरासह. नकार जोडणीतच दिला की परत पाठवायचं काम पाठवणाऱ्याचा सर्व्हर करतो. आपण मागाहून बाउन्स, म्हणजे ‘मेल पोचला नाही’ असं कळवणारा मेल, पाठवत नाही, त्यामुळे ज्याचा पत्ता स्पॅममध्ये खोटा घातलेला असतो त्या निरपराध माणसावर आपले बाउन्स जाऊन पडत नाहीत. पोस्टमास्टरचा, म्हणजे मेल सांभाळणाऱ्यांचा, पत्ता मात्र या सगळ्यातून वगळलाय. तक्रार करायला एक तरी दार उघडं हवं.

नकाराबरोबर जाणारा मजकूर लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. तो रोमन लिपीतच जातो, आणि पाठवणाऱ्याच्या सर्व्हरनं जोडलेल्या लांबलचक इंग्रजी चऱ्हाटात कुठेतरी मधोमध दिसतो. साधा माणूस तो वाचतच नाही. म्हणून पहिल्या शब्दांत ‘तुमचा मेल पोचलेला नाही’, लगेच ऑफिसचा फोन नंबर, आणि मग ज्यावरून आम्हाला लॉगमध्ये ओळ सापडेल तो संदर्भ क्रमांक. कुठल्या नियमावर अडला ते लिहिलं नाही, त्याचा उपयोग स्पॅमवाल्यांनाच. फोन घेणाऱ्या टेबलावर एक कागद चिकटवलाय, असा फोन आला तर क्रमांक लिहून घ्या आणि ‘आलेला नाही’ असं म्हणून ठेवून देऊ नका. भरतीच्या टेबलानं आपण होऊन एक गोष्ट मान्य केली. कुठल्याही जागेची यादी बंद करण्याआधी त्या पत्त्याचं क्वारंटाइन शेवटपर्यंत बघायचं.

एक गाठ अजून सुटायची आहे. भरतीच्या टेबलाला मर्यादा सैल हवी, हिशेबाच्या टेबलाला कडक. रस्पॅमडीत प्रत्येक पत्त्यासाठी वेगळी मर्यादा ठेवता येते, तशी ती ठेवलीही. पण एकच मेल एकाच जोडणीत दोन्ही टेबलांना आला, तर मजकूर घेऊन झाल्यावर एसएमटीपीमध्ये उत्तर एकच देता येतं. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही असं म्हणायची सोयच नाही. आम्ही सध्या सैल बाजू मोठी धरलीय. मेल घ्यायचा, भरतीला द्यायचा, आणि हिशेबाची प्रत क्वारंटाइनमध्ये ठेवायची. मॅडमना हे फारसं आवडलेलं नाही. सकाळची यादी त्या उघडतीलच याची मलाही खात्री देता येत नाही, आणि तो मेल तर आपण २५० म्हणून घेतलेला. म्हणून पुढच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे, की अशा घेतलेल्या पण अडवून ठेवलेल्या प्रती वेगळ्या काढून त्यांची छोटी यादी दुपारपर्यंत कोणीतरी माणसानं बघावी. कोणी बघायची यावर वाद होईल. तोवर ती मी बघतेय.